कुशीवर झोपणाऱ्यांची उशी आणि दुखरी मान : तुमचे अनुभव सांगा

गेल्या दिवाळीपासून माझी मान सकाळी उठल्या उठल्या धरायला लागली. रात्री झोपताना काही नाही, पण सकाळी चहा गाळायला वाकलं की डाव्या बाजूने खांद्यापर्यंत कळ. डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, मणक्यात थोडा बदल दिसतोय, उशी काढून टाका आणि सपाट झोपा. मी तीन आठवडे इमानदारीत बिनउशीची झोपले आणि दुखणं दुप्पट झालं. कारण मी सपाट झोपतच नाही ना, लहानपणापासून डाव्या कुशीवरच झोपते, आणि कुशीवर उशी नसली की डोकं खाली लोंबतं, कान पार खांद्याला टेकायला जातो आणि मान रात्रभर तशीच वाकलेली.

मग फिजिओकडे गेले. तिने टेबलावर मला माझ्या सवयीने झोपायला सांगितलं आणि पाठीमागून मोबाईलवर फोटो काढून दाखवला. फोटोत माझा पाठीचा कणा सरळ आणि मानेपाशी एकदम खाली झुकलेला. तिने सोलापुरी चादर आणली, घडी घालून डोक्याखाली सरकवली, फोटो काढला, अजून एक घडी वाढवली, परत फोटो. चौथ्या फोटोत मान आणि पाठ एका रेषेत आली आणि मला ते फोटो न बघताही कळलं, कारण मानेचा तो स्नायू सुटल्यासारखा वाटला. घडीची उंची पट्टीने मोजली, दाबून साडेचार इंच. आमच्या घरातल्या उशा दाबल्यावर जेमतेम दोन इंच उरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की "उशी वाईट" हे कुशीवर झोपणाऱ्याला सांगू नका. त्याचा खांदा आणि कान यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरायलाच हवी, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. तुम्ही काय वापरता, गादी कोणती, अंगकाठी कशी, किती दिवसात फरक पडला, सगळं लिहा. चुकलेल्या खरेद्याही लिहा.

*

मी नागपूरचा, उंची सहा फूट, खांदे रुंद. वर्षानुवर्षं दोन उशा एकावर एक. एक घेतली तर कमी पडते, दोन घेतल्या तर जास्त होतात, आणि रात्रीतून वरची घसरून कुठं जाते पत्ता नाही, पहाटे जाग येते तेव्हा डोकं दोन उशांच्या मधल्या फटीत अडकलेलं असतं.

शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या गादीवाल्याकडे गेलो. त्याला सांगितलं भाऊ, मला एकच उशी पाहिजे पण ठासून भरलेली. त्याने सावरीचा कापूस नको म्हणून सांगितलं, तो मऊ आणि हलका असतो, डोकं टेकवलं की दबतो, तुम्ही साधा कपाशीचा घ्या. पिंजून झाल्यावर तराजूत घालून सव्वा किलो भरला, मी तिथंच बाकड्यावर आडवा होऊन बघितलं, म्हटलं अजून पाहिजे, अजून पाव किलो. तो खोळीच्या कोपऱ्यात बोटांनी कापूस दाबून दाबून भरत होता, म्हणाला कोपरे रिकामे राहिले तर कापूस तिकडं पळतो आणि मधे खड्डा पडतो. हे माझ्या आधीच्या सगळ्या उशांचं झालेलं.

दीड वर्ष झालं. पहिला महिना टणक वाटली, नंतर डोक्याला जागा झाली. साताठ महिन्यांनी खाली बसली तेव्हा शिवण उसवून थोडा कापूस वाढवून घेतला. महिन्यातून एकदा गच्चीवर ऊन देतो, परत फुलते. मान आता आखडत नाही.

*

मेमरी फोमबद्दल लिहिते कारण मी दोन घेतल्या आणि दोन्हीत शिकले. हा फोम 1966 च्या सुमारास नासासाठी विमानाच्या सीटमध्ये धक्का शोषायला तयार झाला, उशीसाठी नव्हे. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, म्हणजे त्याचा टणकपणा हवेवर अवलंबून. आम्ही जळगावला. मे महिन्यात माझं डोकं त्यात चिखलात रुतल्यासारखं जायचं आणि कानशील घामाने ओलं, आणि जानेवारीच्या पहाटे तीच उशी विटेसारखी. ज्या उशीची उंची ऋतूप्रमाणे बदलते ती मानेला कशी पुरणार?

दुसरी घेतली ती लाटेच्या आकाराची, सर्व्हायकल पिलो म्हणतात ती. एक कड उंच, एक बुटकी. मी कित्येक दिवस बुटकी कड मानेखाली घेत होते कारण पाकिटावरच्या चित्रात बाई तशी झोपलेली, पण ती पाठीवर झोपलेली होती! कुशीवर असाल तर उंच कड घ्या. ती फिरवल्यावर बरं वाटलं. पण झोपेत पाठीवर वळले की तीच उंच कड मान पुढे ढकलते, हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही.

आणि दुकानात उशी हाताने दाबून घेऊ नका. लाजू नका, आडवं होऊन बघा, निदान पाच मिनिटं, तुमच्या कुशीवर.

*

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, धागाकर्तीच्या फिजिओने केलं ते अगदी बरोबर. थोडी भर घालते.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते सात तास कुठेतरी टेकलेलं असतं. नाकाची रेघ आणि छातीच्या मधल्या हाडाची रेघ एका सरळ रेषेत आली पाहिजे, गादीला समांतर. खांदा उशीवर चढवू नका, खांदा गादीवर आणि उशी अगदी खांद्याला भिडवून, म्हणजे गालाखालीच नाही तर मानेखालचीही पोकळी भरते. बऱ्याच पेशंटची उशी ठीक असते, पण ते तिच्या मध्यावर डोकं ठेवतात आणि मान अधांतरी राहते.

गादी विसरू नका. काथ्याची किंवा कापसाची कडक गादी असेल तर खांदा रुतत नाही, उशी उंच लागते. मऊ फोमच्या गादीत खांदा दोन इंच आत जातो, मग तीच उशी जास्त होते. गादी बदलली आणि महिनाभरात मान दुखायला लागली अशा केसेस मी खूप बघते, लोक गादीला दोष देतात, बदलायची असते उशी.

कोणती उशी चांगली याचं एकच उत्तर नाही. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये कुशीवर झोपणाऱ्या शंभरेक लोकांना वेगवेगळ्या पाच प्रकारच्या उशा आठवडा-आठवडा वापरायला देऊन अभ्यास झाला होता, त्यात पिसांची उशी सगळ्यात मागे पडली, रबराची म्हणजे लेटेक्सची चांगली ठरली, आणि लाटेच्या आकाराच्या फोमचा साध्या फोमपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. त्यामुळे फक्त आकार बघून जास्त पैसे मोजू नका.

एक मात्र कळकळीने सांगते. हाताला मुंग्या, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, मानेबरोबर ताप, यातलं काही असेल तर उशी शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि एक्सरेत मणक्यात "गॅप" लिहून आला म्हणून घाबरू नका, चाळिशीनंतर कितीतरी लोकांच्या एक्सरेत तो असतो आणि त्यांना काही दुखत नाही.

*

वरच्या ताईंनी शेवटी लिहिलंय तेच माझ्या बाबतीत घडलं. चार महिन्यांत पाच उशा घेतल्या, साडेनऊ हजार रुपये घातले. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या यायच्या, मी समजायचो हात अंगाखाली दबतो. एक दिवस ऑफिसात कॉफीचा मग हातातून सुटला, दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता येईना. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती नसेवर आलेली निघाली. ऑपरेशन लागलं नाही, औषधं आणि तीन महिने व्यायाम यावर निभावलं, पण ते चार महिने मी उगाच घालवले. उशी अजूनही महत्त्वाची आहे, नसेवरची चकती असताना चुकीच्या उशीवर रात्र काढणं काय असतं ते मला माहीत आहे. पण आधी तपासणी.

*

टोकियोहून. इथे पारंपरिक उशी असते सोबागारा, म्हणजे आपल्या कुट्टूच्या (इंग्रजीत बकव्हीट) बियांची टरफलं भरलेली. घरमालकीणबाईंनी दिली तेव्हा हातात घेतल्या घेतल्या मला घरची मोहरीची उशी आठवली, आपल्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती. तोच सळसळ आवाज, तसंच वजन.

कुशीवर झोपणाऱ्यांसाठी हिची खुबी अशी की चेन उघडून टरफलं कमी-जास्त करता येतात. मी पहिल्या रात्री तीन वाट्या काढल्या, दोन दिवसांनी एक परत घातली, तिथे बरोबर जमलं. डोकं टेकवलं की टरफलं बाजूला सरून मानेखाली जमा होतात आणि तिथेच थांबतात, फोमसारखी पुन्हा वर ढकलत नाहीत. उन्हाळ्यात गार. वाईट म्हणजे कूस बदलताना कानाशी आवाज होतो, जड असते, पाण्याने धुता येत नाही, फक्त ऊन द्यायचं. आणि कुट्टूची ॲलर्जी असणाऱ्यांनी अजिबात वापरू नये, ती ॲलर्जी इथे गांभीर्याने घेतात. माझी मान अकरा महिने शांत आहे.

*

माझ्या आईचं लिहिते, वय 74, सांगलीजवळ गावी असते. ती जमिनीवर वाकळ टाकून झोपते आणि तिची उशी म्हणजे जुन्या लुगड्याच्या खोळीत कापूस आणि चिंध्या कोंबलेली, दगडासारखी, हातात घेतली तर मनगट दुखावं इतकी जड. मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून छान मऊ फायबरची उशी नेली आणि ती जुनी माळ्यावर टाकली. आईनं काही म्हटलं नाही. महिन्याभराने फोनवर बोलताना म्हणाली, "मान वळंना गं, मागं बघायचं तर अख्खी वळाय लागतीय." गावातल्या दवाखान्यात गोळ्या चालू होत्या.

सुट्टीत गेले तेव्हा रात्री ती झोपलेली बघितली. नवी उशी पार चपटी झालेली आणि आईनं तिच्याखाली स्वतःचा हात दुमडून घेतलेला, आणि डोकं तरीही खाली. जमिनीवर खांदा तसूभर रुतत नाही, त्यात तिच्या पाठीला बाक आलाय म्हणून खांदे पुढे, म्हणजे तिला तर सगळ्यांपेक्षा उंच आणि टणक उशी लागणार, हे मला त्या क्षणी समजलं. माळ्यावरून जुनी काढली, दोन दिवस अंगणात ऊन दिलं, नवा अभ्रा घातला. आईनं ती उशी जवळ घेऊन थोपटली आणि झोपली. दहा-बारा दिवसांत मान वळायला लागली. तिनं चाळीस वर्षं स्वतःच्या मानेच्या मापाने ती उशी भरत आणली होती, आणि मी तिला न विचारता काढून टाकली, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

एक मुद्दा राहिला म्हणून लिहिते, वरचा हात. मला शुगर आहे, त्यातून डावा खांदा जाम झाला, त्यामुळे फक्त उजव्या कुशीवर झोपता यायचं. डोक्याखालची उशी अगदी मापाची असूनही मान दुखायची. कारण वरचा डावा हात पुढे खाली पडायचा आणि तो खांद्याला आणि खांदा मानेला ओढायचा. आता छातीशी एक लोड घेऊन त्यावर हात ठेवते आणि गुडघ्यांच्या मधे पातळ उशी. पहिल्याच रात्री चार तास सलग झोप लागली, चार महिन्यांनी!

*

हॉस्टेलवर राहते. एकच पातळ उशी आहे, दुसरी घ्यायला सध्या जमणार नाही. गादी कापसाची, कडक. काय करू?

*

धागाकर्ती परत. सगळ्यांचे मनापासून आभार, आईच्या उशीचं वाचून मी आज सासूबाईंची उशी बघितली, तीही मी मागच्या महिन्यातच बदललेली होती.

हॉस्टेलवाल्या मुली, तुझ्याकडे आंघोळीचा मोठा टॉवेल असेलच. तो लांबीला घडी घालून अभ्र्याच्या आत, उशीच्या खाली घाल, वर नाही, वर घातला की सरकतो आणि गालाला खुपतो. मैत्रिणीला पाठीमागून फोटो काढायला सांग, मान आणि पाठ एका रेषेत येईपर्यंत घड्या वाढव. शिवाय एक छोटा पंचा गुंडाळून, मनगटाएवढा जाड, अभ्र्याच्या मानेकडच्या कडेला ठेव, ती मानेखालची पोकळी भरेल. मी लेटेक्सची घेण्याआधी सहा आठवडे असंच झोपत होते, आणि फरक त्याच सहा आठवड्यांत पडला. चार-पाच दिवस स्नायूंना नवं वाटेल, जरा अवघडल्यासारखं होईल, पण आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर एक घडी कमी करून बघ. फोटो काढलास की इथे लिही, किती इंच भरलं ते.