रोशा की तिखाडी?

कोरी पाटी: एका शेतकरी गटाच्या पत्रकाचं मराठी करतोय. 'पामरोझा' या सुगंधी तेलाच्या गवताला बिनधास्त 'रोशा गवत' लिहिलं. गटातले काका मेळघाटाकडचे. म्हणाले, "रोशा हिंदीतला, आपण तिखाडी म्हणतो." काय छापू?

साक्रीकर: हिंदीत रूसा. रोशा आपलाच. आजीच्या गुडघ्यांना रोशाचंच तेल लागायचं, गोधडीलाही तोच वास. पूर्वी आमच्या डोंगरात ओढ्याकाठी भट्ट्या लागत. भांड्यात गवत आणि पाणी, झाकणातून बांबूची नळी, आणि तेल धरायचं भांडं ओढ्यात बुडवलेलं, म्हणजे वाफ आपोआप थंड. ते तेल मुंबईहून पार इस्तंबूलला जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं!

फटकळ: मग झालं की. 'रोझ'वरून रोशा. साहेबाची देणगी.

निघंटू: अहो, संस्कृत रोहिष! भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात याची कत्तृण, रौहिष, देवजग्ध अशी नावं ओळीने दिलीत. तेव्हा कुठला आलाय साहेब? 'ह' गळाला की रोशा. गुलाबाशी नातं फक्त वासाचं. दोन्हींत जिरॅनिऑल हे वासाचं द्रव्य, म्हणून तर भेसळ खपली.

फटकळ: देवजग्ध म्हणजे देवांनी खाल्लेलं ना? देव गवत खायचे?

रानवाट: तिखाडी 'तिखट'वरून असावी. पात चावून बघा. याला मिरच्यागंधही म्हणतात. बाकी भट्टीवाल्यांना रोशा-तिखाडीशी देणंघेणं नाही, ते गवताची जात विचारतात, मोतिया की सोफिया. कोरड्या उतारावरचा मोतिया भाव खातो, ओलसर जागेतल्या सोफियाच्या तेलाला टर्पेंटाइनची झाक.

कोरी पाटी: म्हणजे तिखाडी लिहू?

शुद्धमती: आधी 'तेल' शब्द काढा. तिळाचं ते तेल. हा अर्क आहे. कागदावर थेंब टाका, तेलाचा डाग राहतो, हा उडून जातो.

साक्रीकर: मग खोबरेल, एरंडेल, रॉकेल सगळंच काढा ताई. रॉकेलमध्ये तीळ शोधत बसू नका.

शुद्धमती: रूढ आहे म्हणून बरोबर ठरत नाही. उद्या मरव्यालाही इंग्रजी नाव द्याल.

निघंटू: मरवा म्हणजे मरुवक, दवणा म्हणजे दमनक.

वाडीवाला: दवणा निघालाच आहे तर, चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाला वाहतात तो आणि अत्तरवाल्यांचा दवणा एकच का? आमच्या मावशी म्हणतात, देवाचा वेगळा.

रानवाट: झाड एकच. अत्तराला फुलावर आलेला कापतात.

वाडीवाला: मावशींना नाही पटायचं.

कोरी पाटी: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय.

फटकळ: देवांनी गवत खाल्लं की नाही, ते राहिलंच.