आई-बाबा ग्रीनकार्डवर न्यू जर्सीला येताहेत, पहिली पाच वर्षं आरोग्यविम्याचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे, आई ६७ची. बाबांना मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलाय, आईचे गुडघे गेलेत. दोघं दिवाळीनंतर कायमचे आमच्याकडे येताहेत. विम्याचं नक्की झाल्याशिवाय तिकिटं काढायला मन धजत नाही.

आतापर्यंत जे कळलं ते लिहिते. इथे सगळ्यांसाठी मिळून एक अशी व्यवस्थाच नाही. नोकरदारांचा विमा नोकरीतून, ज्येष्ठांना मेडिकेअर हा सरकारी विमा, कमी उत्पन्नवाल्यांना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ते मेडिकेड, आणि उरलेल्यांनी मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा निवडायच्या सरकारी बाजारात, विकत घ्यायचा. माझ्या ऑफिसच्या विम्यात नवरा आणि मुलं बसतात, आई-बाबा नाहीत. मेडिकेअर पासष्टीनंतर मिळतं खरं, पण बाहेरून आलेल्या ग्रीनकार्डवाल्यांना आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. त्यानंतरही हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, बिनहप्त्याचा मिळायला स्वतः किंवा जोडीदाराने साधारण दहा वर्षं इथे काम करून कर भरलेला लागतो. मुलीने भरलेला चालत नाही. मग तो विकत घ्यायचा: २०२५ साली माणशी महिना ५१८ डॉलरपर्यंत, शिवाय डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, म्हणजे पार्ट बी, त्याचे १८५ लागायचे. बाबांनी उभं आयुष्य एसटीत नोकरी केली, ती इथे कुठेच धरली जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

मेडिकेडलाही बहुतेक प्रौढांना पाच वर्षांची अट आहे. म्हणजे उरलं मार्केटप्लेस. २०१०च्या कायद्यामुळे तिथे जुन्या आजारावरून विमा नाकारता येत नाही की हप्ता वाढवता येत नाही. वयावरून मात्र वाढतो. आल्यापासून ६० दिवसांत नाव नोंदवायचं.

ओळखीचे बरेच जण व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांचा विमा, घ्या म्हणतात, कारण तो स्वस्त पडतो. मी एका पॉलिसीची बारीक अक्षरं नीट वाचली. जुना आजार अचानक उसळला तर तेवढाच खर्च, तोही सत्तरीच्या आतल्यांना. मधुमेहाच्या रोजच्या मेटफॉर्मिनच्या गोळीला, दर तीन महिन्यांच्या एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीला काही नाही. बाबांसाठी हा विमा नकोच, असं माझं ठाम मत झालंय.

आता अडलंय ते असं. मार्केटप्लेसवर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे प्लॅन असतात. ब्राँझचा हप्ता कमी, पण डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, भरमसाट. बाबांना हृदयाच्या डॉक्टरकडे नियमित जावं लागणार, तर सिल्व्हर किंवा गोल्डच घ्यावा ना? डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांमध्ये, आहे की नाही हे विमा कंपनीच्या यादीवरून ठरवता, की दवाखान्यात फोन करून? तुमच्या आई-वडिलांचा वर्षाचा खरा खर्च कितीपर्यंत गेला, तेही सांगा.

आणि सगळ्यात निकडीचं: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यातच उरकून यावं का? तसं केलं तर येणं पुढे ढकलावं लागेल आणि फिजिओथेरपी इथे चालू ठेवावी लागेल. ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुण्याच्या डॉक्टरांना या आठवड्यात तारीख कळवायची आहे.