पिनांगला जहाज फक्त नऊ तास थांबणार, आई-बाबांना काय दाखवू?

मदत हवी आहे. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन सांगलीहून निघतोय. सिंगापूरहून क्रूझ, वाटेत मलेशियातलं पिनांग. जहाज सकाळी आठला लागणार, पाचला सुटणार. साडेचारपर्यंत परत चढायचंय, त्यात उतरायला लागणारा वेळ धरला तर हातात सहा-सात तासच.

जहाजाची सहल माणशी इतकी महाग की बाबांनी आकडा ऐकून चष्माच काढून ठेवला. इथल्या एजंटाला विचारलं तर "तिथं गेल्यावर बघू." म्हणून नकाशा घेऊन स्वतःच बसलो. धक्क्यापासून जॉर्जटाउनची जुनी वस्ती जवळ आहे. 1818चं सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिनचं चिनी देऊळ आणि कपितान केलिंग मशीद एकाच रस्त्यावर, 1833चं मरिअम्मन मंदिर शेजारच्या गल्लीत. एवढं सावकाश चालत होईल. पुढचंच अडतंय.

आईचे गुडघे दुखतात, दहा-पंधरा पायऱ्यांवर जमत नाही. दोघंही शाकाहारी, अंडंही नको. तिकडं भाजीतही सुक्या कोळंबीचं बेलाचान घालतात म्हणे, त्यामुळं जेवण जॉर्जटाउनमधल्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीतच. (भडंगाची पिशवी बरोबर आहेच, पण ती जहाजावरून खाली नेऊ देतात का?) सिंगापूरचा व्हिसा, मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड यांचं मी बघतोय, त्यावर उत्तरं नकोत.

जे जाऊन आलेत त्यांनी सांगा: दुपारच्या तीन तासांत केक लोक सी मंदिर करावं की पिनांग हिलची फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी, डोंगर चढणारी रेल्वे)? केक लोक सीला लिफ्टपर्यंत पोचायलाच किती पायऱ्या चढाव्या लागतात?