फोर-के डिस्क घ्यावी की नाही, कसं ठरवता? (अनुभव धागा)

सिनेमाची ब्लू-रे कपाटात आहे, ओटीटीवरही तो दिसतो, आणि तरी त्याची फोर-के डिस्क (साध्या ब्लू-रेच्या दुप्पट रुंद, ३८४० पिक्सेलची) निघाली की घ्यावीशी वाटते. नागपुरात ती दुकानात जाऊन उलटसुलट करून बघायची सोय आता नाही. बाहेरून मागवली तर किमतीवर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी चढते. एवढे पैसे घालण्याआधी तुम्ही काय बघता? घरी अनुभवलेलं लिहा, आणि शक्यतो सिनेमाचं नाव घेऊन लिहा.

सुरुवात मीच करते. मी आधी शोधते की सिनेमा कशावर चित्रित झाला आणि त्याचं अंतिम मास्टर, म्हणजे ज्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ते, केवढं आहे. डबीवर फोर-के सगळ्यांच्याच लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. २००० सालानंतर रंगांचं काम संगणकावर व्हायला लागलं आणि पुढची बरीच वर्षं बहुतेक मोठ्या सिनेमांची मास्टर २के, म्हणजे २०४८ पिक्सेल रुंदीची बनली. साधी ब्लू-रे १९२० पिक्सेलची असते. म्हणजे त्या काळातल्या सिनेमाची फोर-के डिस्क बहुधा त्याच मास्टरवरून ताणून मोठी केलेली असते. ‘२८ डेज लेटर’ (२००२) तर बहुतांशी मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या व्हिडिओ टेपच्या, कॅमेऱ्यावर घेतलेला आहे. त्या टेपमध्ये जे नव्हतंच, ते डिस्कमध्ये कुठून येणार? उलट ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) ६५ मिमी फिल्मवर आहे आणि त्याचं निगेटिव्ह ८के मध्ये स्कॅन झालेलं आहे. वाळवंटात दूरवरून येणारा उंटस्वार मला त्या डिस्कवर ब्लू-रेपेक्षा कितीतरी आधी दिसायला लागतो. साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा वीस वर्षांपूर्वीच्या सिनेमापेक्षा जास्त स्पष्ट निघतो, हे माझ्या घरी कोणालाच खरं वाटत नव्हतं.

म्हणून माझा नियम असा: १९९० च्या आधीचा, निगेटिव्हवरून नव्यानं स्कॅन झालेला असेल तर घ्यायचा. २००० ते २०१५ मधला असेल तर थांबायचं.

*

महाल. सीताबर्डीच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, आता निवृत्त.

ताई, तुम्ही निगेटिव्हचं म्हणता ते बरोबर आहे, पण लोकांना एक गोष्ट माहीत नसते. थिएटरात आम्ही लावत होतो ती प्रिंट निगेटिव्हची नक्कल नसायची. निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, आणि त्यावरून आमच्याकडे येणारी प्रिंट. दर पायरीला तपशील थोडा उतरतो. वरून आमच्याकडे येईतो ती प्रिंट दहा गावं फिरलेली असायची. त्यामुळे निगेटिव्हवरून चांगली काढलेली डिस्क मी मुलाच्या घरी पाहतो तेव्हा मला मशीनच्या खिडकीतून कधी न दिसलेलं दिसतं. कोटाच्या कापडाची वीण दिसते, मागच्या भिंतीवरचा पोपडा दिसतो.

७० एमएमच्या बाबतीत मात्र जपून. ‘शोले’ची ७० एमएम प्रिंट प्रसिद्ध, पण सिनेमा चित्रित झाला ३५ मिमीवरच, प्रिंट नंतर मोठी केलेली. त्यामुळे ‘लॉरेन्स’सारखा तपशील त्यात शोधू नका. शिवाय त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झालं होतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ते काम इतर जुन्या साहित्यावरून करून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलं, मूळ शेवटासकट. माझ्यासारख्यासाठी तो शेवटच पुरेसं कारण आहे.

आणि दाणे. नात विचारते, “आजोबा, चित्रात मुंग्या काहून येऊन राहिल्या?” फिल्मवरचं चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसून टाकले तर त्यांच्यासोबत केसाची बट आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही जाते. कोणतीही डिस्क घरी आली की मी आधी म्हाताऱ्या नटाचा जवळून घेतलेला चेहरा बघतो.

*

प्रतापनगर. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो.

काकांनी लिहिलेल्या दाण्यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. ‘टर्मिनेटर २’ची २०१७ ची फोर-के डिस्क याच पुसापुशीमुळे गाजली, आणि ‘ट्रू लाइज’च्या २०२४ च्या डिस्कवर तर संगणकानं चेहरे नव्यानं रंगवल्यासारखे दिसतात. दोन्ही फिल्मवर घेतलेले, दोन्ही १९९० च्या दशकातले. निगेटिव्ह चांगलं असून भागत नाही, मधल्या माणसाचा हात कसा आहे तेही महत्त्वाचं. त्यामुळे मी तुलनेची चित्रं बघितल्याशिवाय पैसे देत नाही. आणि ती चित्रं मोबाइलवर कधीच बघत नाही, मोठ्या मॉनिटरवर पूर्ण आकारात बघतो.

२के मास्टर म्हणजे थांबा, हा ताईंचा नियम मात्र मला पटत नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’चं मास्टर २के आहे, तरी त्याची फोर-के डिस्क माझ्याकडच्या सगळ्यात आवडत्या डिस्कांपैकी आहे. कारण पिक्सेल नाही, एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला. ब्लू-रेवर रंगाची नोंद ८ बिटची, फोर-के डिस्कवर १० बिटची. म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ छटांऐवजी १०२४. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडतात ना, ते त्यानं जातात. आगीचा लोळ पांढरा डाग न होता केशरी राहतो. मी दिवसभर वरातीतल्या दिव्यांचे जळालेले पांढरे डाग सावरत असतो, म्हणून मला हे पहिल्यांदा दिसतं.

ओटीटीवर फोर-के लिहिलेलं असलं तरी तिथे सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट येतात. डिस्कवर शंभरच्या वर जाऊ शकतात. धूर, पाऊस, धुळीचं वादळ असे प्रसंग दोन्हीकडे लावून बघा. शांत खोलीतल्या संवादांचा सिनेमा असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही, तो ओटीटीवर खुशाल बघावा.

*

मनीषनगर.

आमचा हॉल लांबट, सोफा आणि टीव्हीत दहा-अकरा फूट. टीव्ही ५५ इंची. इतक्या आकाराच्या पडद्यावर फुल एचडीचे पिक्सेलसुद्धा चांगल्या नजरेला साधारण सात फुटांपलीकडे सुटे दिसत नाहीत. मग फोर-केची स्पष्टता आमच्या सोफ्यापर्यंत पोचते कुठे? राहता राहिला एचडीआर. त्यासाठी टीव्हीला पुरेसा उजेड टाकता यायला हवा आणि खोलीत अंधार हवा. आमचा टीव्ही बेताचा, हॉल पश्चिमेला. मे महिन्यात चार वाजता ऊन थेट पडद्यावर. त्यातच कूलरचा आवाज, म्हणजे डिस्कवरचा उत्तम साउंडट्रॅकही अर्धा त्यातच जातो.

आम्ही दोघांनी ठरवलं, आधी जाड पडदे आणि सोफा पुढे. डिस्का नंतर. तोवर साधी ब्लू-रे घेतो, आणि ती सुंदर दिसते.

*

हिंगणा, हॉस्टेल.

प्लेअरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. साध्या ब्लू-रे प्लेअरवर फोर-के डिस्क चालत नाही. पीएस-४ प्रोवरही नाही. डिस्क ड्राइव्हवाला पीएस-५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर वेगळा प्लेअर लागत नाही. फोर-के डिस्कला रीजन कोड (डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालावी म्हणून घातलेलं बंधन) नसतो, त्यामुळे अमेरिकेतून मागवली तरी चालते. त्याच डबीतली साधी ब्लू-रे मात्र ‘ए’ रीजनची असू शकते. आपल्याकडचे प्लेअर ‘सी’चे.

रूममेट म्हणतो, “काहून पैसे घालून राहिला बे, ओटीटीवर आहे ना!” मी म्हटलं, आज आहे. आमच्या दोघांचा आवडता एक सिनेमा गेल्या सेमिस्टरला तिथून उतरला, तेव्हापासून तो बोलत नाही.

*

त्रिमूर्तीनगर. निवृत्त शिक्षिका.

तुम्हा सगळ्यांचं वाचून खूप शिकले. मी मास्टर बघते, पण त्याआधी हा सिनेमा मी पुन्हा बघणार का आणि कोणाला दाखवणार का, हे स्वतःला विचारते.

माझ्याकडे सत्यजित राय यांची अपू त्रयी आहे. तिची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली होती. इटलीतल्या तंत्रज्ञांनी ती आखडलेली, ठिसूळ फिल्म पुन्हा हाताळण्याजोगी केली आणि ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हवरून वाचवला. बाकीचा दुसऱ्या नकलांवरून. २०१५ मध्ये ते काम लोकांपुढे आलं. वर ऑपरेटर काकांनी पायऱ्यांचं लिहिलं ते वाचल्यावर मी पुन्हा डिस्क लावली, आणि काही दृश्यं एकदम मऊ का होतात ते आता कळलं. प्रतापनगरच्या दादांच्या कसोटीवर ती दृश्यं उतरणार नाहीत. मला ती तशीच हवीत. तेवढंच शिल्लक आहे.

पण मग मराठीचं काय? ‘संत तुकाराम’ १९३६ चा, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. पाचवी-सहावीच्या मुलांना मी तो वर्गात दाखवायची, आणि वैकुंठाच्या प्रसंगात विमान दिसायचं तेवढंच, खालच्या गावकऱ्यांचे चेहरे पांढऱ्यात मिसळलेले. ‘मंथन’ फोर-के होऊन २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेला, स्मिता पाटीलचा चेहरा पुन्हा उजळला, हे वाचून फार आनंद झाला. प्रभातच्या सिनेमांची अशी डिस्क निघाली तर मी पिक्सेल, एचडीआर काही विचारणार नाही. दोन घेईन. एक आमच्या शाळेला.