राउटर म्हणे स्वतःच शहाणा!

लूपबॅकशून्य
परवा एका सद्गृहस्थांनी ज्ञान पाजळलं: एलडीपीचा (राउटर ज्यातून पाकिटांवरची लेबलं आपसांत ठरवतात तो प्रोटोकॉल) राउटर आयडी, म्हणजे राउटरची ओळख असलेला पत्ता, हाताने देणं ही जुन्या लोकांची खोड, राउटर आपला आपण बघून घेतो, आणि ‘फोर्स’ (आयडी लगेच बदलायला लावणारा शब्द) तर चालू नेटवर्कवर लावूच नये. खाली वाहवांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय.

राउटर काही बघून घेत नाही. आयओएस, म्हणजे सिस्कोच्या राउटरांची प्रणाली, चालू लूपबॅकांमधला (राउटरच्या आतले, तार नसलेले इंटरफेस) सर्वात मोठा पत्ता उचलतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला सर्वात मोठा. उद्या कुणी टेस्टिंगसाठी १९२.१६८ वाला लूपबॅक टाकला आणि विसरला, तर त्या क्षणी काहीच होत नाही. मग कधीतरी यूपीएस मान टाकतो, बॉक्स रिलोड होतो आणि नवा आयडी घेऊन उठतो. तो पत्ता ओएसपीएफमध्ये, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलमध्ये, नाहीच. आता गंमत बघा. एलडीपीचे हॅलो संदेश यूडीपी पोर्ट ६४६ वर २२४.०.०.२ ला (सगळ्या राउटरांचा सामाईक पत्ता) व्यवस्थित जातात, समोरच्या राउटरवर डिस्कव्हरीत शेजारी दिसतो, फक्त आयडीपुढे ‘नो रूट’ एवढंच लिहिलेलं असतं. पण लेबलं ज्यावरून जातात ते टीसीपी सेशन उभंच राहत नाही. ओएसपीएफ हिरवागार, पिंग चालू, लेबलांवर चालणारं ग्राहकाचं व्हीपीएन गार.

लूपबॅक०, मास्क /३२ (म्हणजे एकच पत्ता), ओएसपीएफमध्ये टाका, वर फोर्स. पहिल्याच दिवशी. संपला विषय.

नॉकवाला_ऐरोली
वाहवा करणाऱ्यांत मीही होतो. ‘पहिल्याच दिवशी’ हे शब्द शेवटी हळूच सरकवलेत, ते बरं केलंत. चालू पीईवर (ग्राहक जोडलेल्या कडेच्या राउटरवर) फोर्स मारला की आयडी तिथल्या तिथे बदलतो, सगळी सेशन्स एकदम आडवी, लेबलं साफ. फोर्स नसेल तर ज्या इंटरफेसचा पत्ता वापरात आहे तो पडेपर्यंत राउटर जुन्या आयडीवर शांत चालतो. मला शांतच हवंय. आमच्याकडच्या एका नव्या पोराने असाच कुणाचा तरी उपदेश वाचून भर दुपारी फोर्स मारला. एका पतपेढीच्या शाखांमध्ये काउंटरवर माणसं खोळंबलेली आणि शिव्या खायला मी.

लूपबॅकशून्य
भर दुपारी मारला हा फोर्सचा दोष? धन्य आहे. शांत चालतो म्हणजे बदल टांगून ठेवलात. आयडी फिजिकल इंटरफेसचा असेल तर तो कधी पडणार हे तुम्ही नाही, रस्ता खणणारा जेसीबी ठरवणार. मी विंडोत (बदलासाठी आधी ठरवलेल्या वेळेत) पाडतो, तुम्ही ऐन जुलैत पाडा.

जुनोसकर
हे सगळं आयओएसवाल्यांचं दुखणं. आमच्याकडे जुनोसवर (जुनिपरच्या राउटरांची प्रणाली) राउटिंग-ऑप्शन्समध्ये एकदा राउटर-आयडी दिला की ओएसपीएफ, बीजीपी, एलडीपी सगळ्यांना तोच.

लूपबॅकशून्य
आणि तो चालू बॉक्सवर बदललात की पडतातही सगळे मिळून. अभिनंदन.

कल्याण_स्लो
‘विंडोत पाडतो’ हे लिहायला काय जातंय! विंडो म्हणजे रात्री एक ते चार. शेवटची गाडी गेलेली, पहिली यायचीय. कॅब मॅनेजरला, जो घरून कॉलवर असतो. आम्ही महापेला सर्व्हर रूममधल्या एसीत जॅकेट घालून कुडकुडायचं. त्यात विंडो शनिवारचीच हवी, म्हणजे परतताना रविवारचा मेगाब्लॉक. ठाण्याला उभं राहून बघा एकदा.

पवईपार्क
कॅबसाठी आधी मेल टाकायचा, मिळते. आमच्याकडे तरी मिळते.

कल्याण_स्लो
साहेब दिवसपाळीचे दिसतात. ‘मेल टाका’ म्हणे! मेलचं उत्तर सोमवारी येतं: रिक्षाचं बिल जोडा. पहाटे चारला घणसोलीत बिल देणारा रिक्षावाला मला दाखवाच.

नॉकवाला_ऐरोली
कॅबचं राहू द्या, कॉम्प ऑफचं बोला. कागदावर जमा होतात, मागितले की ‘टीम कमी आहे’.

पीई_ताई
टोमणे यायच्या आधीच लिहिते. हो, बाईला कॅब मिळते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करायला आमची संमती लागते, आणि दारापर्यंत वाहनही द्यावं लागतं. परिणाम काय? गाडीचा खर्च नको म्हणून मला विंडोच देत नाहीत. कॉन्फिग माझं, रात्री पेस्ट करणार दुसरा, आणि अप्रेझलमध्ये ‘हँड्स-ऑन अनुभव कमी’. कायदा तुम्हा पुरुषांनाही गाडी देत असता तर मला आनंदच होता.

आणि राउटर आयडीवर इतकं भांडताय, तर मास्कचं एका शब्दात उरकलंत. लूपबॅकला /२४ (२५६ पत्त्यांचा गट) दिला तर ओएसपीएफ तो /३२ म्हणूनच पुढे सांगतो, पण तो राउटर लेबल बांधतो /२४ ला. शेजाऱ्याला /३२ साठी लेबलच मिळत नाही. सेशन उभं, आयडी बरोबर, तरी त्या पीईकडे जाणारं व्हीपीएन बंद. फोर्सवाल्यांनी आणि बिनफोर्सवाल्यांनी मिळून रात्रभर शोधत बसा. /३२ द्या, नाहीतर लूपबॅकवर ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट करा.

कल्याण_स्लो
ताई, टोमणा मारणार होतो खरा. मागे घेतला.

लूपबॅकशून्य
मास्कचं मान्य. कॅबचा वेगळा धागा काढा. नॉकवाल्यांना एकच प्रश्न: एलडीपी-आयजीपी सिंक लावलंय का? लावलं असेल तर फोर्सला एवढं का घाबरता?

नॉकवाला_ऐरोली
लावलंय. सिंकने काय होतं? एका लिंकवरचं सेशन पडलं की ओएसपीएफ त्या लिंकची कॉस्ट ६५५३५, म्हणजे कमाल, करतो आणि ट्रॅफिक दुसऱ्या लिंकने जातं. तुमचा फोर्स त्या बॉक्सची सगळीच सेशन्स पाडतो. दुसरी लिंक कुठून आणू, तुमच्या घरून?

लूपबॅकशून्य
हे बरोबर आहे. झालं समाधान? पण त्यावर उपाय आयडी नशिबावर सोडणं हा नाही. नवा पत्ता शेजाऱ्यांच्या राउटिंग टेबलात /३२ म्हणून दिसतो का ते आधी बघा, मगच फोर्स मारा.

नॉकवाला_ऐरोली
नव्या बॉक्सच्या टेम्प्लेटमध्ये टाकतो तुमचा फोर्स. चालू पीईचा चेंज रिक्वेस्ट तुम्ही स्वतः भरा, मी अप्रूव्ह करणार नाही.