प्रतिसाद: बीएमआय २४.९ म्हणजे पास?

मूळ लिखाणात म्हटलंय की बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.९ च्या आत आला की वजनाचं उद्दिष्ट संपलं. नाही पटलं. तो आकडा जागतिक तक्त्यातला. भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६५ सेंमी उंचीला २५ म्हणजे ६८ किलो, २३ म्हणजे साधारण साडेबासष्ट. फरक थोडाथोडका नाही!

आणि २३ च्या आत असलं तरी निर्धास्त होऊ नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा २००४ मधला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो शोधून बघाच. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! काटा आणि उंची एवढ्यावरून हे कळणार कसं? हातपाय काटकुळे नि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण बीएमआयमध्ये बिनबोभाट पास होते.

म्हणून बीएमआय ढोबळ अंदाजापुरता ठेवा, पण सोबत टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंमी, बायकांची ८० च्या आत हवी. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली बांधतो आपण. श्वास सोडून, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध मोजा. व्यायाम करणाऱ्यांचं वजन कधीकधी हलत नाही, कंबर मात्र उतरते.