झेनॉन टाकण्याआधी रिफ्लेक्टर बघा

गाडीच्या फॉग लॅम्प आणि हेडलाईट दोन्हीत ६००० केल्व्हिनचं (म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचं) झेनॉन किट (तारेऐवजी वायूतून उजेड देणारे बल्ब) टाकू का असं विचारलंयत, तर फॉगला अजिबात नको, पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं उतरलं की तो पांढरा उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो, तिथे साधा पिवळा हॅलोजनच बरा. हेडलाईटला प्रोजेक्टर (उजेड नेमका रोखणारं भिंग) असेल तर ४३०० केल्व्हिनवाला ३५ वॅटचा झेनॉन चालेल. पण साध्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागची चकचकीत वाटी) उजेड कसाही फाकतो नि समोरचा आंधळा होतो (शिव्या आपल्याला!). शिवाय झेनॉनला पूर्ण पेटायला काही सेकंद लागतात, डिपर मारायची पंचाईत. मी तरी ६०/५५ वॅटचेच (हाय/लो बीम) हॅलोजन बल्ब ठेवून रिलेवालं (बॅटरीतून थेट करंट देणारं) वायरिंग टाकलं, तेवढ्यानेही बराच फरक पडला.